झुमको मोजायचा राह्यला

किसनसिंग वायरमनले मी पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा तो जिनाच्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटापाशी एका गाडीवाल्याले शिव्या देऊन राह्यला होता. गाडीवाल्यानं कापसाची गाडी त्याच्या वायरीच्या खांबाले घासली होती. तोंडानं शिव्या चालू, अन् एक हात त्या खांबावर. बुजलेल्या बैलाले थोपटावं तसा तो खांबाले थोपटत होता. मले तेव्हाच वाटलं, हा माणूस आपल्या कामाचा आहे.

आपलं काम काय, ते सांगतो. मी भगवानराव, यवतमाळच्या एका हायस्कुलात लॅबोरेटरी असिस्टंट होतो. लॅबोरेटरी असिस्टंट म्हणजे हेडमास्तराच्या लेखी शिपाई अन् शिपायाच्या लेखी मास्तर, दोन्हीकडून बोलणी खाणारा. एकोणीसशे एकोणसाठ साली एका मेलेल्या बॅरिस्टराच्या घरच्यांनी शाळेले दुर्बीण देऊन टाकली. विलायती, पितळेची, माणसाएवढी लांब. त्यांचं घर मोकळं झालं अन् आमची खोली भरली. दोन वर्षं ती पेटीतच पडून होती, कारण आमचे हेडमास्तर सदाशिवराव म्हणत, बाहेर काढली अन् काही मोडलं तर जबाबदारी कोणाची? शेवटी मी म्हटलं, "सर, पेटीत उंदरं तिले खाऊन राह्यले, त्याची जबाबदारी कोणाची?" तेव्हा कुठं बाबा हलले.

आता या दुर्बिणीची एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आभाळ सारखं सरकत असते. आपल्याले खाटेवरून ते कळत नाही, पण दुर्बिणीत तारा धरला की तो आपल्या डोळ्यांदेखत कडेले जाते अन् नाहीसा होते. म्हणून दुर्बीण ज्या लोखंडी बैठकीवर बसते, त्या बैठकीत एक विजेची मोटर होती, नारळाएवढी. ती दुर्बिणीले हळूहळू फिरवे. तारा ज्या चालीनं पळते, त्याच चालीनं दुर्बीण त्याच्या मागं. मोटर चालू असली की तारा डोळ्यापुढं खुंटीले बांधल्यावानी उभा राहते. अन् आमची मोटर चालत नव्हती.

वीज कंपनीचा माणूस आला, पाहून गेला, म्हणाला हे आमच्या हद्दीत येत नाही. मग मी जिनात गेलो अन् किसनसिंगले घेऊन आलो.

किसनसिंग चाळिशीचा असेल. बंजारा, कळंबजवळच्या तांड्यावरचा. शाळा तिसरीपर्यंत. जिनात इंजिनाले तेल घालायले लागला अन् तेल घालता घालता वायरमन झाला. त्याची सारी विद्या एका बल्बात होती: होल्डरात बल्ब, होल्डरातून निघालेल्या दोन वायरी. त्या दोन वायरी इकडं लावायच्या, तिकडं लावायच्या, बल्ब पेटला तर वीज आहे, नाही पेटला तर नाही. त्या बल्बावर त्यानं अर्ध्या यवतमाळच्या मोटरी जित्या केल्या होत्या. बोलायचा कमी, पण मशीन उघडली की तिच्याशी बोले. "काहून रुसली गे बाई? कोनं छेडलं तुले?" असं. मले हसू येई, पण मशीन मानत होत्या त्याले.

एकसष्टच्या डिसेंबरात त्यानं ती मोटर उघडली. आत उंदरांचं घरटं निघालं. कार्बनचे तुकडे अडकून बसले होते. जुन्या वायरीचं रबर बिस्किटासारखं बोटात चुरलं. जिनाच्या मालकाले विचारून त्यानं स्टोरातून नवी दुहेरी वायर आणली, काळी, मऊ, चांगली. ती मोटरीले जोडली अन् बटन दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे डोळ्याले काहीच दिसलं नाही, कारण ती मोटर इतकी हळू फिरवे की चालू आहे का बंद, पाहणाऱ्याले कळू नये. मी तोंड पाडलं. किसनसिंगनं मोटरीले कान लावला, बैठकीच्या चाकावर पेन्सिलीनं रेघ मारली अन् म्हणाला, "चहा पिऊन येऊ." चहा पिऊन आलो तर रेघ दोन बोटं सरकली होती. असा आनंद झाला म्हणून सांगू, की सदाशिवरावांनी स्वतः उठून दुर्बिणीले नमस्कार केला.

मग किसनसिंगनं खिशातून लिंबू काढलं.

जिनात दर शनिवारी प्रत्येक मशीनले लिंबू-मिरची लागते. नवं लिंबू, हिरव्या मिरच्या अन् एक बिब्बा, दोऱ्यात ओवून. नजर लागू नये म्हणून. अन् जिनवाल्यांचं सगळं काम दाभणानं: बोरे शिवायचे दाभणानं, मशीनचे पट्टे शिवायचे दाभणानं, तसं लिंबूही दाभणानंच ओवायचं अन् पट्ट्याच्या कातड्यात एक टाका घालून टांगायचं, म्हणजे हलून पडत नाही. इथं पट्टा नव्हता. पितळेच्या नळीले दोरा बांधला तर चट्टा पडेल. खाली बैठकीच्या पायाले बांधावं तर किसनसिंग म्हणाला, लिंबू काय कोनाच्या पायाशी बांधतेत? ते तर कपाळाशी पाहिजे. मोटरीतून काळी वायर खाली लोंबत होती. त्यानं प्लग काढला, हात पुसले, अन् दोन तारांच्या बरोबर मधल्या रबरातून दाभण पार केलं. हात असा सफाईचा, की तारेले धक्का नाही. टाका घातला, गाठ मारली. लिंबू मोटरीखाली टांगलं गेलं.

तेव्हा लिंबू धरून उभा कोण होता? मी. सायन्सच्या खोलीचा माणूस.

सदाशिवरावांनी विचारलं, "किती द्यायचे रे?"

"पैसे नाही पाह्यजे सर," किसनसिंग म्हणाला. "माह्या बाले एक डाव यातून पाहू द्या."

"काय पाहायचं आहे त्यांले?"

"झुमको."

झुमको म्हणजे आपल्या कृत्तिका, तो ताऱ्यांचा घोळका. बंजारे त्याले कानातल्या झुमक्याचं नाव देतात. किसनसिंगचा बाप पूनमसिंग, ऐंशीच्या घरातला म्हातारा. लहानपणी तो आपल्या बापासोबत लादलेल्या बैलांच्या तांड्यात फिरला होता, मीठ अन् धान्य घेऊन. रात्री गोण्यांले टेकून पडले की मोठी माणसं पोरांले झुमको दाखवत अन् विचारत, किती दिसतेत? ज्याले सात दिसले तो दुसऱ्या दिवशी पुढच्या बैलासोबत चाले. ज्याले पाच दिसले तो मागं, बायका अन् वासरांसोबत. पूनमसिंगनं दहाव्या वर्षी सात मोजले अन् तेव्हापासून तो पुढं. ते बैल गेले, तो धंदा गेला, तांड्यानं शेती धरली, पण म्हाताऱ्याची सारी इज्जत त्या सातांत होती.

अन् आता त्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता. एक डोळा पुरता गेला होता. दुसऱ्यानं नळीतून पाहिल्यावानी मधलं तेवढं दिसे, बाजूचं काळं. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, औषध नाही, पावसाळ्यापर्यंत हाही जाईल. म्हाताऱ्यानं पोराले एकच मागितलं होतं: एक डाव सात मोजू दे, मग गेला तर जाऊ दे. साध्या डोळ्याले त्याले आभाळात आता धूरच दिसे. दुर्बिणीतून मात्र दिसू शकत होतं, पण एका अटीवर. तारे हलायले नको. त्याच्या डोळ्याले नळीएवढंच भोक राह्यलेलं, तारा बोटभर सरकला की त्याच्यासाठी गेलाच. म्हणजे मोटर पाहिजेच.

सदाशिवराव हो म्हणाले, पण त्यांचं हो म्हणजे दहा कुलपांचं. गच्चीची किल्ली फक्त शनिवारी. त्यातही चांदणं असलं की झुमको फिका पडते, म्हणून अंधाऱ्या पक्षातलाच शनिवार कामाचा. म्हणजे महिन्याले एक. अन् चैत्र लागला की झुमको संध्याकाळीच मावळतीले जाते. हातात होते चार शनिवार. जानेवारी, फेब्रुवारी, अन् मार्चाचे दोन. बस.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी किसनसिंग म्हाताऱ्याले एस्टीनं घेऊन आला. पांढरा फेटा, हातात काठी, अंगाले घोंगडी. दिवे लागणीले आम्ही गच्चीवर. मी झुमको धरून दिला. म्हातारा डोळा लावून बसला.

"दिसते का बा?"

"पानी हाल्ल्यावानी दिसते. थांब."

डोळा बसायले वेळ लागतोच, म्हाताऱ्याले तर फारच. दहा मिनिटं गेली, मग तो त्याच्या बोलीत मोजायले लागला. "एक... दी... तीन..." अन् थांबला. "कुठं चालले रे हे?"

किसनसिंगनं कान लावला. मोटर बंद.

मी हातानं चाक ढकलून पाह्यलं. हातानं ढकललं की तव्यावरच्या लाह्यांवानी तारे उडतात, शहाण्या डोळ्यालेही मोजता येत नाही. म्हातारा शांतपणे म्हणाला, "पुढच्या डावी पाहू."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, किसनसिंग आला. दुर्बीण आडवी करून बटन दाबलं. मोटर झकास चालली. तासभर चालली. दोन तास चालली. आम्ही एकमेकांकडं पाहत राह्यलो.

तिथून जे सुरू झालं, त्याले मी रोग म्हणतो. दिवसा मोटर ठणठणीत, अन् गच्चीवर आभाळाकडं तोंड केलं की दहा-पंधरा मिनिटांत बंद. किसनसिंगले वाटलं, संध्याकाळी जिनं जोरात असतात, व्होल्टेज पडते. खरंच पडत होतं, दिवे लाल होत. पण लाल दिव्यातही मोटर कधी चाले अन् कधी न चाले. त्यानं कार्बन बदलले. बटन बदललं. कंडेन्सर बदलला. फ्यूजची तार बदलली. शेवटी मोटर घरी नेली अन् तिची सगळी आतली तार उकलून नवी गुंडाळली, केसाएवढी बारीक तार, नऊ दिवस, जिनातली पाळी करून. त्याची बायको धुरपताबाई मले रस्त्यात भेटली तर म्हणे, "भाऊजी, हा मानूस जेवतानी बी ताटाभवती बोट फिरवून राह्यला. काय करून ठेवलं तुमी याले?"

अन् वायर? वायरही पाह्यली त्यानं. दुर्बीण आडवी, वायर ढिली, या टोकाले बल्ब, त्या टोकाले वीज. बल्ब लख्ख पेटला. "वायर चांगली हाय," म्हणाला, "मीच टाकली." वायरमन दुनियेतल्या सगळ्या वायरींवर शक घेते, आपण टाकलेल्या वायरीवर घेत नाही. अन् वायर तपासून झाली की त्यानं तिले नवं लिंबू बांधलं. शनिवार होता. दर शनिवारी बांधे. रोग हटत नव्हता म्हणून आता तो जास्तच मन लावून बांधे, मोठं, रसदार लिंबू पाहून. दर वेळी जुन्या टाक्याजवळच नवा टाका.

फेब्रुवारीचा शनिवार उजाडला अन् त्याच दिवशी आठ ग्रह मकर राशीत जमले. तुम्ही ऐकलं असेल, त्या साली देशभर बोंब होती की जग बुडते. यवतमाळात चौकाचौकात होम पेटले होते, तुपाच्या वासानं डोकं उठलं होतं. सदाशिवराव बी. एस्सी. झालेला माणूस, पण त्या दिवशी किल्ली कमरेले बांधून बसला. म्हणाला, ग्रहांकडे पितळेचं तोंड करून उभं राहायचं नाही, शाळेवर काही आलं तर? मी फार भांडलो. म्हटलं, "सर, जग बुडणारच असेल तर शाळा काय वेगळी तरंगते?" पण किल्ली सुटली नाही. किसनसिंग अन् म्हातारा जिन्याच्या पायरीवर बसून होते. अंधार पडला तसा म्हातारा उठला, काठी चाचपली अन् म्हणाला, चाल, शेवटची एस्टी जाईल. जग बुडालं नाही. आमचा एक शनिवार बुडाला.

मार्चाच्या पहिल्या शनिवारी चार मोजले अन् मोटर बसली. तोपर्यंत म्हाताऱ्याले जिना दिसेनासा झाला होता. किसनसिंग त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवे.

मग होळी झाली. तांड्यावर होळी म्हणजे मोठी धूम, गाणी, नाच, पण धुरपताबाई सांगत होती, किसनसिंग त्या गर्दीत एका बाजूले बसून हातातल्या वायरीचं टोक तासत होता. त्याचा जीव कशात नव्हता. मले तो म्हणाला, "भगवानराव, मशीन माहं कधी खोटं बोलत नाही. हे काहून बोलून राह्यलं?" मी नुसता त्याच्यासोबत बसून राही.

एकतीस मार्च. शेवटचा शनिवार. आमच्याकडची जिनं थंडावली होती, व्होल्टेज पुरं, दिवे पांढरे शुभ्र. आभाळ धुतल्यासारखं. किसनसिंग दुपारीच आला, मोटरीले तेल दिलं, जुनं लिंबू काढलं, नवं बांधलं, अन् बैठकीपुढं हात जोडून उभा राह्यला. झुमको मावळतीले कलला होता. नळी तिकडं वळवली तशी मोटरीची वायर ताणली गेली, लिंबू जरा वर उचललं गेलं. हे मी डोळ्यानं पाह्यलं. पाह्यलं अन् काहीच समजलो नाही.

म्हाताऱ्यानं तोंड धुतलं होतं, फेटा नवा बांधला होता. डोळा लावला. यावेळी त्याले वेळ कमी लागला, डोळा शिकला होता. किसनसिंग मोटरीले कान लावून गुडघ्यावर बसलेला.

"एक," म्हातारा म्हणाला. "दी. तीन." मग थांबला. मोटर चालू होती, किसनसिंगचं तोंड सांगत होतं. "चार." फार वेळ गेला. "पांच."

किसनसिंगचं तोंड बदललं. आवाज बंद झाल्याचं मी त्याच्या तोंडावर पाह्यलं, कानानं नाही. त्यानं मोटरीले दोन्ही हातांनी धरलं, तापलेल्या पोराचं डोकं धरावं तसं. ओठ हलत होते तेवढे. मी बटन बंद-चालू केलं. प्लग दाबला. काही नाही. म्हातारा डोळा लावूनच होता, अन् त्याचं डोकं हळूहळू ताऱ्यांच्या मागं सरकत होतं, जसं काही डोकं सरकवून ते सापडतील.

मग तो सरळ झाला. "दिसले बेटा," म्हणाला. "सात बी दिसले. झालं माहं."

आम्ही दोघांनी पाचच ऐकले होते. अन् दिसलेल्या प्रत्येकाले म्हातारा मोठ्यानं मोजत होता.

"हो बा," किसनसिंग म्हणाला.

जिना उतरताना म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी गंमत सांगत होता, कोण्या जुन्या बैलाची. किसनसिंग हुंकार देत होता. खाली गेल्यावर म्हाताऱ्याले ओट्यावर बसवून तो परत वर आला, सामान आवरायले म्हणून, अन् अंधारात बैठकीशी बसून राह्यला. मग म्हणाला, "माही विद्या सरली, भाऊ. मले काही येत नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय होतं माझ्याजवळ.

एप्रिलात वर्षाअखेरचं सामान मोजायचं असते. दुर्बीण पेटीत ठेवायची म्हणून मी मोटरीची वायर सोडवली अन् कोपरावर गुंडाळायले लागलो. लिंबू सुकून काळं पडलं होतं, ते काढून फेकलं. गुंडाळता गुंडाळता अंगठ्याले एका जागी वायर मऊ लागली, कुजल्या शेंगेसारखी. मी ती वाकवली. रबर फाटलं अन् आतून हिरवी पूड गळली.

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कसं कळकते? तसाच तो हिरवा रंग. दाभणाची भोकं होती तिथं, जवळजवळ, पंधरा-सोळा. दोऱ्यातून लिंबाचा रस थेंब थेंब आत उतरला होता अन् दर शनिवारी ताजा उतरत होता. एका बाजूची सगळी तांब्याची तार खाल्ली गेली होती, दोन-तीन केस तेवढे टिकून. मी बल्ब लावून पाह्यला. वायर ढिली ठेवली तर पेटे, जरा ताणली की विझे. ढिली, पेटे. ताणली, विझे. दुर्बीण आडवी असली की वायर ढिली. आभाळाकडं वळली की ताण, अन् मोटर तिले फिरवत जाई तसा तो वाढत जाई. चार महिने जो रोग आम्ही मोटरीत, बटनात, जिनात, ग्रहांत शोधला, तो हा.

अन् मी. दरवर्षी मी पोरांपुढं लिंबात तांब्याची पट्टी खुपसून दाखवतो, बाबांनो, लिंबाच्या रसात आंबट असते, ते धातूले खाते. अठरा वर्षं दाखवून राह्यलो. अन् इथं स्वतःच्या हातानं लिंबू धरलं. माझी अक्कल गहाण पडली होती का? त्या दिवशी मी खोलीचं दार लावून घेतलं अन् जमिनीवर बसलो. रडलोही. सांगायले लाज कायची.

तेव्हाच निघून कळंबची एस्टी धरली असती, वायर बदलली असती, तर? तर काय. झुमको मावळतीच्या उजेडात बुडत चालला होता. पुन्हा रात्री वर यायले पावसाळा उलटावा लागते. अन् जेठ महिन्यात म्हाताऱ्याचा दुसरा डोळा बंद झाला. धुरपताबाईनं निरोप पाठवला होता.

किसनसिंगले मी जिनाच्या गेटापाशी गाठलं. रस्ताभर ठरवत गेलो होतो, खरं सांगायचं. त्याचं तोंड पाह्यलं अन् माझ्या तोंडून निघालं, "उंदरानं खाल्ली होती वायर. आतून. दिसत नव्हती."

तो माझ्याकडं पाहत राह्यला. "उंदीर?"

"उंदीर."

"बरं झालं," तो म्हणाला, अन् खरंच त्याच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. "मले वाटे, माह्यातच काही खोट हाय. बाच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं." त्यानं मले चहा पाजला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

पुढच्या डिसेंबरात सदाशिवरावांले कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून दुर्बीण लावायची होती. किसनसिंग नवी वायर घेऊन आला. संध्याकाळी गच्चीवर नेली, नळी आभाळाकडं वळवली, बटन दाबलं. मोटर चालली. अर्धा तास, पाऊण तास, तास. चाकावरची पेन्सिलीची रेघ सरळ सरकत होती. किसनसिंग कान लावून ऐकत होता अन् मधूनच मान हलवत होता. मग उठला, प्लग काढला, अन् खिशात हात घातला.

"भगवानराव, धरा."

लिंबू माझ्या हातात आलं. गार, मोठं, रसाचं. त्यानं दाभणात दोरा ओवला, लिंबातून, मिरच्यांतून, बिब्ब्यातून पार केला. दोऱ्याले रस लागून तो ओला झाला होता. मग त्यानं डाव्या हातानं नवी वायर धरली अन् दाभण टेकवलं.

मी काय करायले पाहिजे होतं, तुम्हीच सांगा. गप्प बसलो तर ही वायरही जाते. बोललो तर माणूस जाते. मी आवाज साधा ठेवायची फार कोशिश केली.

"तिथं नको किसनसिंग. पायाले बांध."

"काहून?"

मी लिंबू या हातातून त्या हातात घेतलं. तो माझ्या तोंडाकडं पाहत होता. मग त्यानं दाभणाच्या टोकाकडं पाह्यलं. वायरीकडं. माझ्या हातातल्या लिंबाकडं. ओला दोरा त्यानं दोन बोटांत धरून चोळला, बोटं नाकाशी नेली. तो वायरमन होता. त्याले सांगावं लागलं नाही.

"उंदीर नव्हता," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

"कवा कळलं तुमाले?"

"एप्रिलात."

त्यानं दाभणातून दोरा ओढून काढला, दाभण पुसून खिशात ठेवलं. लिंबू माझ्या हातातून घेतलं अन् कठड्यावर ठेवलं. मग प्लग परत लावला अन् बटन दाबलं. मोटर चालू झाली. मले म्हणाला, "झुमको धरून द्या."

आजवर त्या माणसानं त्या दुर्बिणीतून एकदाही पाह्यलं नव्हतं. बानं पाह्यल्याशिवाय मी नाही, म्हणे. मी झुमको धरून दिला. तो खाली बसला, डोळा लावला. तारे जागच्या जागी उभे होते, मले माहीत आहे, मी आधी पाह्यले होते. तो मोजायले लागला, त्याच्या बाच्या बोलीत, हळूहळू. एक. दी. तीन. चार. पांच.

अन् थांबला. डोळा काढला.

"आणखी आहेत," मी म्हटलं. "मोटर चालू आहे. मोज."

"बाले एवढेच दिसले," तो म्हणाला, अन् स्वतःच्या हातानं बटन बंद केलं.